बरोबरीतली शेवटची चढाई : कबड्डीचे पंच आणि शंभर वर्षांची नियमावली



आजचा प्रश्न साधा आहे. दोन कॉलेजांचा सामना अटीतटीचा झाला, एका गुणाने निकाल लागला, तर त्या निकालात पंचाचा वाटा किती? हा प्रश्न आपण विचारतो तो बहुधा हरल्यावर. जिंकलेल्या संघाला पंच कोण होता हे आठवतही नाही. म्हणून तक्रार थोडी बाजूला ठेवू आणि आधी इतिहास बघू. खेळ कबड्डीचाच घेऊ, कारण तो चिमूरच्या कुठल्याही मैदानावर माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

कबड्डीची जुनी नावं तुम्हाला माहीत आहेत. महाराष्ट्रात हुतुतू, बंगालकडे हाडूडू, दक्षिणेत चेडुगुडू. नियमावली छापण्याआधी या खेळाचे तीन प्रकार ठळकपणे चालत. संजीवनीत एक गडी बाद झाला की समोरच्या संघाचा एक मेलेला गडी जिवंत होई. गनिमीत बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. आणि अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, समोरच्याच्या नावावर फक्त गुण लिहिला जायचा.

आता बघा, पंचाच्या चुकीच्या दृष्टीनं या तीन प्रकारांत फार फरक आहे. अमरमध्ये चुकीच्या निर्णयाची किंमत एक गुण, तिथेच संपली. गनिमीत एक चांगला गडी चुकून बाद दिला, तर तो डावभर गेला. संजीवनीत चूक दोन्हीकडून लागते, आपला एक कमी आणि त्यांचा एक जास्त. आज आपण जी कबड्डी खेळतो तिचा पाया संजीवनीचा आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपण जो प्रकार निवडला, तो पंचावर सर्वांत जास्त भार टाकणारा होता. खेळ त्यामुळे रंगतदार झाला, यात शंकाच नाही. पण ज्या कारणामुळे तो रंगतो, त्याच कारणामुळे एक चूक लांबवर जाते.

गावातल्या गावात खेळताना पंच फारसा लागत नसे. गडी स्वतःच सांगे, किंवा कडेला बसलेलं वडीलधारं माणूस सांगे. अडचण आली ती वेगवेगळ्या गावांचे संघ समोरासमोर आले तेव्हा. महाराष्ट्रात १९१८ पासून या खेळाला नियमांत बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ मध्ये आपल्या विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा. १९६१ मध्ये हा खेळ विद्यापीठांच्या क्रीडा मंडळानं स्वीकारला आणि कबड्डी कॉलेजात आली. बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घातलं म्हणून हे झालं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो.

या साऱ्या प्रवासात एक नवीन माणूस जन्माला आला, तो म्हणजे शिट्टीवाला पंच. नाव मात्र जुनंच. मुख्य अधिकाऱ्याला आपण सरपंच म्हणतो, मैदानाच्या दोन बाजूंच्या दोघांना पंच. सोबत एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक, अशी सहा माणसं. शब्द गावपंचायतीतून आला आणि त्याच्याबरोबर 'पंचामुखी परमेश्वर' ही भावनाही आली. पण गावच्या पंचांना बसायला वेळ होता. दोन्ही बाजू ऐकायच्या, साक्षी काढायच्या, रात्र गेली तर दुसऱ्या दिवशी सांगायचं. कबड्डीच्या पंचाला अर्धा सेकंद मिळतो आणि साक्षीदार एकच, त्याचे स्वतःचे डोळे. नाव तेच राहिलं, काम पार बदललं. लोकांची अपेक्षा मात्र परमेश्वराचीच राहिली.

या अर्ध्या सेकंदात त्याला काय काय कळायला हवं? चढाईपटूचा हात रक्षकाला लागला की नाही. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता की जमिनीवर, आणि त्या क्षणी समोर किमान सहा रक्षक होते की नाही. कुणाचा पाय राखीव क्षेत्रात पडला, आणि तो स्पर्शाच्या आधी पडला की नंतर. शिवाय दम. 'कबड्डी, कबड्डी' हा घोष अखंड आणि स्पष्ट हवा, म्हणजे पंचाला नुसतं बघून भागत नाही, ऐकावंही लागतं. आणि चारशे पोरं ओरडत असताना ऐकावं लागतं!

आमच्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या करताना गौतमानं नुसता इंद्रिय आणि वस्तूचा संबंध पुरेसा मानला नाही. ते ज्ञान चुकीचं नसावं आणि निश्चयात्मक असावं, अशीही अट घातली. लांबून पाहिलं तर ती धूळ आहे की धूर, असा संशय राहत असेल तर ते प्रत्यक्ष नव्हे. पंचाची कोंडी इथेच आहे. त्याला संशय असला तरी निश्चय सांगावाच लागतो. 'मला नीट दिसलं नाही' असा निकाल देण्याची सोय नियमावलीत नाही. शिट्टी वाजवणं हा निर्णय, आणि न वाजवणं हाही निर्णयच.

आता संशय असताना माणूस कुणीकडे झुकतो? यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेत कॉलेजांचं बास्केटबॉल फार मोठं. तिथल्या २००४-०५ च्या हंगामातले ३६५ सामने दोन अभ्यासकांनी तपासले. असं दिसलं की एका संघाचे फाउल जास्त झाले असतील, तर पुढचा फाउल दुसऱ्या संघाविरुद्ध दिला जाण्याची शक्यता वाढते. दोन्हीकडचा आकडा सारखा ठेवण्याकडे पंच नकळत झुकतो. स्पेनच्या फुटबॉल लीगवरचा अभ्यासही प्रसिद्ध आहे. यजमान संघ एका गोलनं मागे असेल तर शेवटी वाढवून दिलेला वेळ जास्त निघतो, पुढे असेल तर कमी. सामना एकतर्फी असेल तर हा फरक दिसत नाही.

या पंचांनी पैसे खाल्ले होते, असं कुणीही म्हणत नाही. प्रामाणिक माणूसच गर्दीच्या आवाजानं आणि 'मी समतोल दिसलो पाहिजे' या इच्छेनं थोडा सरकतो. पण थांबा, समतोल दिसणं आणि न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक संघ खरोखरच जास्त चुका करत असेल, तर दोघांना सारखी शिक्षा देणं हा त्याला दिलेला फायदाच झाला.

आणखी एक गोष्ट. पंधरा गुणांनी संपलेल्या सामन्यात पंचाच्या तीन चुका कुणाला आठवत नाहीत. एका गुणाच्या सामन्यात मात्र शेवटची शिट्टी सगळ्यांना आठवते. हिशेबानं पाहिलं तर पहिल्या मिनिटाला न दिलेला बोनसही एकच गुण आणि शेवटच्या मिनिटाचाही एकच. फरक एवढाच, की पहिल्या मिनिटाच्या चुकीला उत्तर द्यायला संघाकडे एकोणचाळीस मिनिटं असतात. शेवटच्या चुकीला उत्तर नसतं. म्हणून ती जास्त बोचते. पण पंचांचं मूल्यमापन करायचं तर चाळीसही मिनिटांचं करावं लागेल.

आता दोन सामने सांगतो. पहिला १९७२ चा, म्युनिक ऑलिंपिकमधली बास्केटबॉलची अंतिम लढत. तीन सेकंद उरले असताना अमेरिका ५०-४९ नं पुढे होती. त्या तीन सेकंदांवरून गोंधळ झाला आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स, ज्यांना त्या सामन्यात निकाल देण्याचा अधिकार नव्हता, त्यांनी खाली येऊन घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावायला सांगितलं. सोव्हिएत संघानं ५१-५० नं सुवर्ण घेतलं. दोन पंचांपैकी ब्राझीलच्या पंचानं गुणपत्रकावर सही केली नाही. अमेरिकेची तक्रार समितीनं ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत.

दुसरा आपल्या घरचा. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २०१८ मध्ये इराणनं आपल्याला उपांत्य फेरीत हरवलेलं. २८-२८ अशी बरोबरी आणि जेमतेम एक मिनिट शिल्लक. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणाला स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे रक्षकही तिथे आले. एका वाचनानुसार चढाईपटू बाद झाला आणि चढाई तिथेच संपली. दुसऱ्या वाचनानुसार मागे आलेले रक्षकही बाद. जुना नियम लावायचा की नवा, यावर अधिकाऱ्यांचाच निर्णय फिरत राहिला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी भारताला ३ आणि इराणला १ गुण दिला गेला. भारत ३३-२९ नं जिंकला.

आपण जिंकलो म्हणून आपण हा प्रसंग लवकर विसरलो. पण विचार करा, पंचांना काय दिसलं यावर तिथे फारसा वादच नव्हता. चित्रफीत सगळ्यांसमोर होती. वाद होता तो नियम कोणता यावर. म्हणजे कॅमेरा आणला की प्रश्न सुटला, असं नाही. कॅमेरा डोळ्यांची चूक दाखवतो, नियमावलीतली संदिग्धता मिटवत नाही.

इथे मला एच. एल. ए. हार्ट या इंग्रज विचारवंताची आठवण होते. १९६१ च्या त्यांच्या कायद्यावरच्या ग्रंथात त्यांनी खेळाचंच उदाहरण घेतलं आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, पण त्यावरून तो अचूक असतो असं ठरत नाही. 'गुणलेखक म्हणेल तोच गुण' असं मानलं, तर तो वेगळाच खेळ होईल, गुणलेखकाच्या मर्जीचा. आपण म्हणतो की पंचाचा निर्णय अंतिम. बरोबर आहे, नाहीतर सामना संपणारच नाही. पण अंतिम म्हणजे निर्दोष नव्हे, आणि सदोष म्हणजे बेइमान नव्हे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता आल्या, तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट एका खेळासाठी कशाला? तर आपल्याकडे तो नुसता खेळ नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या मुलामुलींना हा खेळ परवडतो, कारण त्याला साहित्य लागत नाही. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघापर्यंतची वाट नागपूरऐवजी गडचिरोलीकडे वळली. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. वरच्या पातळीवरचं प्रमाणपत्र हातात असणं आणि नसणं यात एखाद्या घराचं पुढचं आयुष्य असू शकतं. आणि त्या पातळीपर्यंत जायचं तर आधी इथला, खालचा सामना जिंकावा लागतो. वरच्या सामन्यांना दूरदर्शन आहे, रिव्ह्यू आहे. इथे खाली, जिथे दार उघडतं किंवा बंद होतं, तिथे फक्त पंच आहे.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात. यजमान कॉलेजाशी संबंध असलेला पंच त्या कॉलेजाच्या सामन्याला नसावा. तो कितीही सज्जन असो, त्याला त्या ओढाताणीत घालूच नये. दुसरं, सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर सरपंचानं वादाचे नियम, राखीव क्षेत्राचा, बोनसचा, बरोबरी झाल्यास पाच-पाच चढायांचा, मोठ्यानं सांगावेत. हांगझोऊला एवढं झालं असतं तर बहुधा तो तास वाया गेला नसता. आणि तिसरं, आपल्या पोरापोरींनी पंच परीक्षेलाही बसावं. खेळणारे शेकडो आहेत, शिट्टी हातात घ्यायला कुणी तयार नाही. ज्यानं एकदा चारशे माणसांच्या गलक्यात अर्ध्या सेकंदात निर्णय दिला आहे, तो पुढच्या सामन्यात पंचाच्या अंगावर धावून जाणार नाही. आणि पंचाची खरी चूक कोणती, हे त्यालाच सर्वांत आधी कळेल.

आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेतून सुरुवात करू या, तिथे खेळणारी मंडळी बसलेली दिसतात.