मुंबई–लंडन हवाई अंतर आणि प्रवासकाळ

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेले हे सर्वांत कमी अंतर होय. थेट विमानाला साधारणपणे नऊ ते दहा तास लागतात. मात्र मार्ग, वारे आणि हवाई हद्दीवरील निर्बंध यांनुसार हा काळ कमीअधिक होतो.

मार्ग

सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेषा हा सर्वांत जवळचा मार्ग नसतो. पृथ्वीगोलावर दोऱ्याने मोजल्यास मुंबईहून निघणारी सर्वांत जवळची वाट वायव्येस, कराचीच्या परिसरावरून जाते. त्यामुळे २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, तेव्हा विमानांना वळसा घ्यावा लागला. शहरांमधील अंतर तेवढेच राहिले, तरी प्रवासाचे अंतर वाढले.

जाण्यायेण्यातील फरक

या मार्गावर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, तर परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

घड्याळातील वेळ

लंडनची वेळ भारतीय वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. तिकिटावरील वेळा स्थानिक असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करून प्रवासकाळ मिळत नाही. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा लंडनमध्ये सायंकाळचे ७:३० वाजलेले असतात. तिकिटावर मात्र केवळ साडेपाच तासांचाच फरक दिसतो.

एकूण प्रवासकाळ

करी रोड स्थानकापासून सहार येथील आंतरराष्ट्रीय विमानतळ सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटरवर आहे. रस्त्याने ते अंतर अधिक भरते आणि रहदारीनुसार वेळही बदलतो. आंतरराष्ट्रीय प्रवाशांनी सुमारे तीन तास आधी पोहोचावे, असा प्रघात आहे. सामान, पारपत्र व सुरक्षा तपासणी आणि उतरल्यानंतरचे सोपस्कार धरल्यास घरापासून मुक्कामापर्यंतचा काळ पंधरा तासांच्या आसपास जातो. निकडीच्या प्रवासाचे नियोजन करताना हाच आकडा विचारात घ्यावा लागतो.

इतिहास

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतरही आगबोटीने हा प्रवास करण्यास दोन ते तीन आठवडे लागत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लंडनहून कराचीपर्यंत आलेली टपाल छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे आणली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबे घेत लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले. भारतीय कंपनीच्या मुंबई–लंडन प्रवासी सेवेचा तो आरंभ होता. १९६० पासून या कंपनीच्या ताफ्यात जेट विमाने आली आणि प्रवासकाळ आणखी घटला.