देहान्त शासन आणि कारणांचा भार

नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस घटना समितीत मूलभूत हक्कांच्या कलमांवर चर्चा चालू होती. त्या वेळी संयुक्त प्रांतातील मुस्लिम लीगचे सदस्य झेड. एच. लारी यांनी एक दुरुस्ती मांडली. हिंसेचा अवलंब करून केलेला राजद्रोह वगळता देहान्त शासन रद्द करण्यात यावे, असा तिचा आशय होता. मनुष्याचा निर्णय चुकू शकतो आणि फाशीनंतर ती चूक दुरुस्त करता येत नाही, हे त्यांचे एक प्रमुख प्रतिपादन. बिहारचे अमिय कुमार घोष यांना तत्त्व मान्य होते. परंतु समाजाचा विकास होत जाईल तसा शासनाने या शिक्षेचा फेरविचार करावा आणि तो राज्यघटनेत करू नये, असे त्यांनी सांगितले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही दुरुस्ती स्वीकारली नाही. ती फेटाळली गेली.

हा विचार देशाच्या राजकारणाला नवा नव्हता. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. ऑगस्टमध्ये मुंबईत तो सुधारून घेण्यात आला, तेव्हा त्यात देहान्त शासन असणार नाही असे स्पष्ट कलम होते. पुढे त्याच पक्षाचे बहुमत असलेल्या सभागृहाने मात्र हा प्रश्न भावी विधिमंडळावर सोपविला.

३ जून १९४९ रोजी तो निराळ्या वाटेने परत आला. फाशीची शिक्षा झालेल्यास सर्वोच्च न्यायालयात अपील करता यावे की नाही, यावर चर्चा होती. आंबेडकरांनी तेव्हा आपले मत मोकळेपणाने सांगितले. अपिलाची तरतूद वाढविण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द होणे आपल्याला अधिक पसंत पडेल; या देशातील लोक आचरणात कमी पडत असले तरी अहिंसेला नैतिक आदेश मानतात, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्याच दिवसांत सिमल्यास पूर्व पंजाब उच्च न्यायालयापुढे गांधी हत्येच्या खटल्याचे अपील चालू होते. २१ जूनला निकाल लागला. मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या पुत्रांनी मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर अकरा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, राज्यघटना स्वीकृत झाली.

अशा रीतीने सभागृहाने दूर ठेवलेला प्रश्न न्यायाधीशांच्या वाट्याला आला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, देहान्ताच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात न्यायाधीशाने ती शिक्षा दिली नाही, तर का दिली नाही याची कारणे त्याला नोंदवावी लागत. प्राण घेणे हा नियम होता आणि प्राण राखणे हा खुलासा मागणारा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. १९६७ मध्ये विधी आयोगाने आपल्या ३५ व्या अहवालात, देशाच्या परिस्थितीत ही शिक्षा रद्द करण्याचा धोका पत्करता येणार नाही असे म्हटले. मात्र १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेने भार उलट बाजूस नेला: यापुढे फाशी द्यायची तर विशेष कारणे नमूद करणे आवश्यक झाले. पाऊण शतकात कायद्याने नियम आणि अपवाद यांची अदलाबदल केली.

या विशेष कारणांचे मोजमाप कसे करावे? १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी ही शिक्षा घटनेशी सुसंगत ठरविली. मात्र ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांतच द्यावी असे सांगितले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचे मत भिन्न होते. एखाद्याचे जगणे-मरणे त्याचे प्रकरण कोणत्या न्यायपीठापुढे येते यावर अवलंबून राहील, ही त्यांची भीती होती. तिचा पुरावा दूर नव्हता. उत्तर प्रदेशातील एकाच हत्याकांडासाठी तिघांना फाशीची शिक्षा झाली होती आणि तिघे वेगवेगळे सर्वोच्च न्यायालयात गेले होते. एकाला जन्मठेप मिळाली. दुसऱ्याला १९८१ मध्ये फाशी देण्यात आली. तिसऱ्याची फाशी ऐनवेळी तहकूब झाली आणि १९८२ मध्ये न्यायालयानेच राष्ट्रपतींकडे त्याच्यासाठी शिफारस केली. गुन्हा एक होता. फाशी गेलेल्या माणसाला तो भेद दाखवून देण्याची सोय मात्र उरली नव्हती. लारी यांनी सांगितलेली, दुरुस्त न होणारी चूक ती हीच.

३१ ऑगस्ट २०१५ रोजी विधी आयोगाने २६२ वा अहवाल सादर केला. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असलेल्या या आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे वगळता देहान्त शासन रद्द करावे अशी शिफारस केली. ६७ वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीशी तिची तुलना केली, तर मागणी जवळजवळ तीच आणि अपवादही जवळजवळ तोच असल्याचे दिसते. शिफारस अमलात आली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा कायम आहे आणि नव्या प्रक्रिया संहितेत विशेष कारणांची अटही कायम आहे. घोष यांनी दाखविलेली जागा, म्हणजे सामान्य दंडविधान, संसदेपुढे संपूर्णपणे नव्याने लिहिण्यासाठी आली होती. फेरविचाराची ती संधी येऊन गेली, आणि प्रत्येक प्रकरणात कारणे शोधण्याचे काम पुन्हा एकेका न्यायाधीशाकडे राहिले.