लिनक्समध्ये रॅम भरलेली दिसते, पण ती खरंच संपलेली असते का?

८ जीबी रॅमचा लॅपटॉप, दोन-तीनच प्रोग्राम सुरू आणि 'फ्री' मेमरी जेमतेम ०.३ जीबी! लिनक्स नव्याने वापरणाऱ्याला हा आकडा पाहून धडकी भरते. कुणी नवी रॅम घ्यायला निघतं, कुणी सर्व्हर रिस्टार्ट करतं. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते.

मग रॅम जाते कुठे?

डिस्क रॅमपेक्षा खूप हळू चालते. म्हणून एकदा वाचलेल्या फाइल्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतो. हीच 'कॅश'. डिस्कवरच्या फाइल्सच्या नोंदींसारखी माहिती 'बफर'मध्ये राहते.

स्वयंपाक करताना लागणारे डबे आपण ओट्यावरच ठेवतो ना, तसंच हे. पोळपाट मांडायला जागा हवी झाली, की डबे परत फडताळात! प्रोग्रामने मेमरी मागितली, की कर्नलही कॅश रिकामी करून देतो.

कोणता आकडा पाहायचा?

'फ्री' ही कमांड चालवा. समजा, वापरात २.३ जीबी, मोकळी ०.३ जीबी आणि बफर-कॅश ५.४ जीबी दिसते. इथे 'अव्हेलेबल' हा रकाना महत्त्वाचा. तिथे ५ जीबीच्या आसपास आकडा असेल, तर काळजी नको.

पूर्वी लोक मोकळी मेमरी आणि कॅश यांची सरळ बेरीज करायचे. पण ती चुकायची. कारण प्रोग्राममधली सामायिक मेमरी आणि रॅममध्येच ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल्सही कॅशमध्येच मोजल्या जातात आणि त्या अशा टाकून देता येत नाहीत. म्हणून २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच 'अव्हेलेबल'चा अंदाज देऊ लागला. स्वॅप न वापरता नव्या प्रोग्रामला किती मेमरी मिळू शकेल, हे त्यातून कळतं.

काळजी कधी करायची?

'अव्हेलेबल' तळाला गेलं आणि स्वॅपचा वापर सतत सुरू असेल, तर मेमरी खरोखर कमी पडतेय. सगळे प्रोग्राम बंद करूनही आकडा सुधारत नसेल, तर 'मेमइन्फो' फाइलमध्ये 'एसअनरिक्लेम' ही ओळ पाहा. कर्नलने स्वतःसाठी घेतलेली आणि परत न मिळणारी मेमरी तिथे दिसते. प्रोग्रामच्या यादीत ती कुणाच्याच नावावर नसते. ती सतत वाढत असेल, तर एखाद्या ड्रायव्हरमध्ये गळती असू शकते.

मोबाइलचं काय?

अँड्रॉइडही लिनक्स कर्नलवरच चालतं. त्यामुळे 'रॅम क्लीनर'ने मोकळी मेमरी वाढलेली दिसली, तरी फोन वेगवान झाला असं नाही. बंद केलेलं ॲप पुन्हा उघडताना सगळं नव्याने वाचावं लागतं. वेळही जातो आणि बॅटरीही!