टेलिफोन बेताच्या मिळकतीच्या घरी कसा आला

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असा संपादक भगिनींचा आग्रह झाला. ऐतिहासिक म्हटले की आपली नजर कर्नाळ्याच्या सुळक्याकडे जाते, नाहीतर जवळच्या शिरढोणकडे, जिथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्या इतिहासावर अधिकारी मंडळींनी भरपूर लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते घरातल्या एका साध्या वस्तूविषयी. कोनाड्यात किंवा कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली ती असे, आणि आज बहुतेक घरांतून ती गेलीही आहे. ती वस्तू म्हणजे टेलिफोन. मिळकत बेताची असलेल्या घराला तो कसा परवडला आणि त्यामुळे घरातल्या बाईला काय मिळाले, एवढेच मला सांगायचे आहे.

मुंबईला टेलिफोन आला तो १८८२ साली, खाजगी कंपनीच्या हातून. गिरण्यांचे मालक, पेढीवाले, बडे वकील आणि सरकारी अंमलदार यांच्या सोयीसाठी तो होता. १९४३ साली सरकारने मुंबईची कंपनी ताब्यात घेतली. देश स्वतंत्र झाला तेव्हा सबंध हिंदुस्थानात सुमारे ८० हजार टेलिफोन होते, आणि माणसे पस्तीस कोटींच्या घरात. म्हणजे टेलिफोन ही संसारातली वस्तू आहे, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सरकारी हिशेबातही ती बराच काळ चैनीची वस्तूच राहिली.

गरिबाला तो का परवडत नसे, याचा नीट विचार केला तर तीन गोष्टी दिसतात. बोलण्याचा खर्च ही त्यांतली सर्वांत लहान. पहिली अडचण अनामत रकमेची, कारण ती एकदम भरावी लागे. दुसरी प्रतीक्षेची. अर्ज करून वर्षानुवर्षे नंबर लागत नसे, आणि ज्याच्याजवळ पैसा असेल त्याने ‘ओन युवर टेलिफोन’ या योजनेत मोठी रक्कम आगाऊ भरून पुढची जागा घ्यावी, अशी उघड सोय होती. तिसरी अडचण भाड्याची. फोन वापरा वा न वापरा, भाडे चुकत नसे, आणि बिल येई दोन महिन्यांनी एकदम. ज्या घरात पगार दहा तारखेला संपतो, तिथे दोन महिन्यांचे बिल म्हणजे काय, हे आपणां गृहिणींना सांगायला नको.

आपले पळस्पे तर फाट्याचे गाव. मुंबईहून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक पुण्याकडे जातो, दुसरा पेण-महाडवरून गोव्याकडे. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाल्यावर तिकडच्या मालाच्या गाड्याही इथूनच फिरू लागल्या. सगळ्या मुलखाची वर्दळ दारावरून जाई, परंतु आपल्या माणसाची खुशाली कळायची तर पत्राची वाट पाहावी लागे. निकड असली तर तालुक्याला जाऊन पोस्टात ट्रंक कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचे. त्यातही साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असत. अर्जंटला दुप्पट पैसे पडत, लाइटनिंगला आठपट. तातडी जितकी मोठी, तितका भुर्दंड मोठा.

मग टेलिफोन आला तो आधी शेजाऱ्याच्या घरी. आमच्या पिढीच्या लग्नपत्रिका जपून ठेवल्या असतील तर काढून पाहा. नंबरापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे सापडतील. त्याचा अर्थ, फोन आमचा नाही, शेजारच्यांचा आहे, त्यांनी निरोप दिला तर आम्ही येऊ. ही शेजारधर्माची मोठी गोष्ट होती, यात शंका नाही. परंतु त्यात संकोचही फार होता. आमच्या आळीतल्या एका वहिनींचे यजमान ट्रकवर होते. गुजरातेतून, कर्नाटकातून ते आठ-पंधरा दिवसांनी फोन करीत. शेजारचा मुलगा धावत बोलवायला येई आणि वहिनी ओल्या हाताने तशाच जात. तिथे त्या घरची चार माणसे बसलेली. त्यांच्यादेखत नवऱ्याशी काय बोलणार? “बरं आहे, पोरं बरी आहेत, ठेवते,” एवढेच बोलून त्या परत येत. मूल तापाने फणफणलेले असले तरीही “बरं आहे.” पैशाची अडचण, सासरचा जाच, स्वतःचे दुखणे, हे दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहून सांगता येत नाही.

ही कोंडी सुटण्याची सुरुवात एका यंत्रापासून झाली. मोठी एक्स्चेंजे परदेशी बनावटीची, खर्चाची. त्यांना वातानुकूलित खोल्या लागत. लहान गावात ती बसवणे कोणालाच परवडणारे नव्हते. १९८४ साली ‘सी-डॉट’ ही सरकारी संशोधनसंस्था निघाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. तिथल्या तरुण इंजिनियरांनी १२८ जोडण्यांचे एक लहानसे एक्स्चेंज तयार केले. आपला उन्हाळा आणि धूळ सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला असे पहिले यंत्र बसले. मोठा डामडौल न करता गावोगाव टेलिफोन नेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

त्याच सुमारास पिवळ्या पाट्यांचे एस. टी. डी. बूथ निघाले. थेट दूरचा नंबर फिरवण्याची सोय देशात १९६० साली लखनौ-कानपूर या दोन शहरांत प्रथम झाली होती. ती सामान्य माणसाच्या हाती आली ती या बूथांमुळे. अनामत नाही, भाडे नाही. जेवढे बोलाल तेवढे पैसे. रात्री उशिरा दर पावपट होई, म्हणून जेवणे उरकून माणसे रांगेत उभी राहत. समोर लाल आकडे पळत आणि त्यांच्याबरोबर छातीतली धडधडही वाढे. परंतु काचेचे दार लावून घेता येई. त्या वहिनी पहिल्यांदा पोटभर बोलल्या त्या अशा बूथमध्ये.

घरी फोन घेण्याची हिंमत आम्हां काहीजणींना झाली ती नव्वदीनंतर. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मागेल त्याला टेलिफोन हे उद्दिष्ट ठेवले होते. हळूहळू प्रतीक्षा कमी झाली. राहिली अनामत. ती आम्ही भिशीतून उभी केली. बाराजणी, दरमहा शंभर रुपये; जिचा नंबर लागे तिच्या घरी त्या वर्षी फोन. ज्या भिशीत पातेली आणि पैठणी यायच्या, तिच्यातून फोन आला. पुढे भाडे चुकवण्यासाठी नाना तजविजी चालत. तबकडीला बारीक कुलूप लावायचे. एक घंटी वाजवून ठेवली तर “पोचलो”, दोन वाजल्या तर “उशीर होईल”, अशा खुणा ठरवायच्या. शेजारणीने फोन केला तर रुपया डब्यात टाकायचा. हा हिशेब बहुतेक घरी बाईच ठेवी.

भाडे आवाक्यात कसे राहिले, हेही समजून घेण्यासारखे आहे. लहान एक्स्चेंजवरचे भाडे शहरापेक्षा कमी ठेवलेले असे. ती तूट लांबच्या महागड्या कॉलांतून भरून निघे. मुंबईचा व्यापारी कलकत्त्याशी बोले तेव्हा खेड्यातल्या फोनचा काही भार तो नकळत उचली. १९९९ साली नियामक प्राधिकरणाने दर नव्याने बांधले, लांबचे कॉल स्वस्त केले आणि ही घडी बदलू लागली. मग २००२ पासून सार्वत्रिक सेवेचा वेगळा निधी सुरू झाला, आणि २००३ ते २००८ या काळात दुसऱ्या कॉलांवर एक आकार बसवून घरगुती जोडण्यांची तूट भरली गेली. अमेरिकेत १९८५ पासून ‘लाइफलाइन’ नावाची योजना आहे. तिथे घरची मिळकत पाहून बिलात सूट देतात. आपल्याकडे सवलत गाव पाहून मिळे, घर पाहून नव्हे. त्यामुळे खेड्यातल्या बंगल्याला ती मिळाली आणि शहरातल्या झोपडीला मिळाली नाही. हा दोष मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, त्या धोरणाने आपल्यासारख्या गावांचे फार मोठे काम केले.

आता हे सारे मागे पडले. २००३ साली मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला, आणि २००६ साली एका रुपयात देशभर मिनिटभर बोलण्याची सोय निघाली तोवर घरोघर खिशातले फोन येऊ लागले होते. फोन स्वस्त झाला, याचा आनंद आहेच. परंतु एक फरक आपण ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वीचा फोन घराचा होता. वीज गेली तरी तो चाले, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळे. आणि पुरुषमंडळी कामावर गेली तरी तो कोनाड्यातच राही. दिवसभर घरी असणाऱ्या बाईच्या तो हाताशी असे. आजचा फोन माणसाचा आहे, आणि तो माणूस सकाळी बाहेर पडला की फोनही जातो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळच स्वतः वापरतात असा मोबाइल होता. उरलेल्या जवळजवळ निम्म्या भगिनी तेव्हाही ‘पी. पी.’ वरच होत्या. फरक इतकाच की शेजाऱ्याची जागा आता नवऱ्याने किंवा मुलाने घेतली आहे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या सभासदांपैकी आणि आळीतल्या भगिनींपैकी कोणाजवळ स्वतःचा फोन नाही, याची एक यादी करावी, आणि पुढची भिशी त्यांच्यासाठी लावावी. आपण एकदा हे केलेले आहे. त्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. कोणाकोणाची नावे घ्यावी लागतील, ती बहुतेकींना आत्ताच आठवली असतील.