डेव्हिड मिल्स यांची वेळ

पहाटे सर्व्हर बंद पडल्याचा फोन आला की मी आधी लॉगमधल्या वेळा बघतो. दोन यंत्रांच्या घड्याळांत तीन सेकंदांचा फरक असला, तरी पैसे आधी जमा झाले आणि मागणी नंतर आली, असं दिसू लागतं. सिस्टीम अ‍ॅडमिनची सगळी भिस्त या वेळांवर असते. त्या बिनचूक ठेवण्याची रीत डेव्हिड मिल्स यांनी घालून दिली, म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

मिल्स अमेरिकेत कॉमसॅट या उपग्रह कंपनीत होते आणि पुढे डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेव्हा काही संगणकांची घड्याळं विजेच्या ६० हर्ट्झ प्रवाहावरच चालत. मागणी वाढून ग्रिड किंचित मंदावलं की तीही मागे पडत. क्वार्ट्झची घड्याळं तापमानाप्रमाणे भरकटत. नेटवर्कवरून वेळ विचारावी, तर उत्तर पोचेपर्यंत ती शिळी झालेली असे.

मिल्स यांनी चार नोंदी ठेवल्या: प्रश्न निघाला कधी, तिकडे पोचला कधी, उत्तर निघालं कधी, इकडे आलं कधी. यातून वाटेत गेलेला वेळ आणि घड्याळांतला फरक, दोन्ही वेगळे काढता येतात. मात्र जायला आणि यायला सारखाच वेळ लागला, असं यात धरलेलं असतं. तसं नसेल तर चूक होते, पण त्या फेरीच्या निम्म्या वेळेपेक्षा जास्त कधीच नाही. चुकीची हद्द आधीच ठाऊक असणं, हे मला या पद्धतीचं सर्वांत मोठं बळ वाटतं. शिवाय एकाच सर्व्हरवर विसंबायचं नाही. अनेकांना विचारायचं आणि इतरांशी न जुळणारं घड्याळ बाजूला काढायचं.

सप्टेंबर १९८५ मध्ये इंटरनेटच्या खुल्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ९५८ या क्रमांकाने या पद्धतीचा, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉलचा (एनटीपी), मसुदा निघाला. कुणीही तो फुकट वाचावा, त्यावरून आपला प्रोग्रॅम लिहावा. १९८८, १९८९ आणि १९९२ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या, चौथी २०१० मध्ये. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता. उतारवयात दृष्टी पूर्ण गेली, तरी एनटीपीचा ध्यास सुटला नाही. १७ जानेवारी २०२४ रोजी ते वारले.

आपल्याकडे २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने कंपन्यांना घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवायला सांगितलं. त्या आदेशामागेही हाच खुला मसुदा आहे.

एनटीपी १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतं. ७ फेब्रुवारी २०३६ रोजी ही मोजणी पुन्हा शून्यावर येईल. चौथ्या आवृत्तीत त्याची तरतूद आहे, पण जुन्या उपकरणांचा भरवसा धरता येत नाही. तुमच्या ताब्यात जुने राउटर, सीसीटीव्ही रेकॉर्डर किंवा कारखान्यातले कंट्रोलर असतील, तर एखादं चालू कामातून वेगळं काढून त्याला ती तारीख दाखवा आणि ते काय करतं, हे आताच तपासा.