आशाताईच्या मागे कोण उभं आहे?

आशाताई घरी येते, बाळाचं वजन करते, बाळंतिणीची विचारपूस करते. आता आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण गावातलीच बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे पन्नास वर्षांपूर्वी फार थोड्यांना पटलं असतं. ते ज्यांनी करून दाखवलं, त्यात जामखेडच्या बायका पुढे होत्या. आज आम्ही त्यांची गोष्ट सांगणार आहोत.

१९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. भाग दुष्काळी. त्या काळी तिथे जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत. जुलाब, धनुर्वात, उपासमार ही कारणं. यातलं बरंचसं दवाखान्यात पोचण्याआधी, घरातच थांबवता येण्यासारखं होतं.

आधी त्यांनी गावोगावी शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. जमलं नाही. परगावची तरुण मुलगी एकटी राहायला धजेना आणि गावातल्या बायका तिचं ऐकेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत, एकत्र राहत. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या शेजारी बसून जेवणं हाही त्या शिक्षणाचाच भाग होता.

त्या काय शिकल्या? नाळ स्वच्छ पात्याने कापायची. जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. गरोदर बाईला पोटभर खाऊ घालायचं. गोष्टी साध्याच, पण जुन्या समजुतींच्या विरुद्ध. सासू ऐकायची नाही, नवरा ऐकायचा नाही.

तिथे एकट्या बाईचा निभाव लागला नसता. तिच्या मागे गावातलं महिला मंडळ उभं राहिलं, शेतकरी मंडळ उभं राहिलं. पाण्यासाठी हातपंप घेतले, तेव्हा त्यातले अनेक मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथे यायचं. आरोग्याची सुधारणा अशी पाण्यापासून आणि जातीपासून सुरू झाली. पंचवीस वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण हजारी तिसाच्या खाली आलं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशीची माणसं या बायकांकडून शिकायला जामखेडला येऊ लागली.

२००५ साली सरकारने आशा योजना आणली, तेव्हा अशाच कामांचा अनुभव देशापाशी होता. मात्र आम्हाला एक गोष्ट खटकते. गावातली बाई आपण घेतली, तिच्या मागचं गाव घ्यायला विसरलो. आज आशाताई वही घेऊन एकटी फिरते आणि काही चुकलं की बोलणीही एकटीच खाते.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बचत गट आहे, गावात आरोग्य समिती आहे. ती समिती शेवटची कधी बसली, हे येत्या बैठकीत विचारूया. आशाताईलाही बोलवूया. तिला कुठल्या घरात कुणी ऐकत नाही, ते समजून घेऊया आणि त्या घरी तिच्यासोबत दोघीजणी जाऊया. जामखेडची सुरुवातही अशीच झाली होती.