फोन ‘बूट’ होतो म्हणजे काय? पायातल्या बुटाशी त्याचा काय संबंध?

पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर ‘फोन बूटलूपमध्ये गेलाय’ हे वाक्य कानावर पडू शकतं. आपण मान डोलावतो. पण हा बूट खरंच पायातलाच आहे!

पुण्याला पादत्राणांचे शब्द नवे नाहीत. पुणेरी जोडे प्रसिद्ध, आणि शालजोडीतले तर माझ्या मते त्याहून जास्त. ‘जोडा’, ‘वहाण’ हे आपले जुने शब्द. ‘बूट’ आला इंग्रजीतून, आणि इंग्रजीने तो घेतला जुन्या फ्रेंचमधून. इंग्लंडमध्ये कारच्या डिकीलाही बूटच म्हणतात.

उंच बूट पायात चढवताना ओढायला वरच्या काठाला एक पट्टा असतो. तो बूटस्ट्रॅप. ‘बूटस्ट्रॅप ओढून स्वतःलाच वर उचलणे’ असं एकोणिसाव्या शतकात अशक्य गोष्टीची टिंगल करताना म्हणत. कॉम्प्युटरची अडचण तशीच होती: प्रोग्रॅम मेमरीत आणायचा तर ते काम करायलाही प्रोग्रॅमच हवा! मग आधी एक अगदी छोटा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याने मोठ्याला आत ओढायचं, असा तोडगा निघाला. १९५०च्या दशकात याला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणू लागले, पुढे नुसतंच ‘बूट’ उरलं. १९७५च्या आल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरवर तर तो छोटा प्रोग्रॅम स्विच वर-खाली करून हाताने भरायला लागायचा.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही हेच होतं. चिपमध्ये कायमचा कोरलेला बूट रॉम बूटलोडरला उठवतो, बूटलोडर कर्नलला, आणि कर्नल बाकीच्या अँड्रॉइडला. पुढचा भाग कुणी बदललेला नाही ना, हेही वाटेत तपासलं जातं. कुठेतरी अडलं आणि फोन लोगोपर्यंत येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत राहिला, की तो बूटलूप.

आता कामाचं. रिकव्हरीच्या मेन्यूत ‘रीबूट सिस्टीम नाऊ’ दाबलं तर फोन फक्त पुन्हा चालू होतो, फोटो जात नाहीत. ‘वाइप डेटा/फॅक्टरी रीसेट’ दाबलं तर फोनमधले फोटो, चॅट सगळं पुसलं जातं. बूटलोडर अनलॉक करतानाही सहसा तेच होतं. त्यामुळे दुकानात कुणी ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणालं, तर फोन हातात देण्याआधी विचारा: डेटा राहणार का?